विकतचे जंतू

भादव्यात आभाळ सलग झाकोळून आलं की मला आंबूस वास यायला लागतो. खरं तर इथं, जुन्या जालन्यातल्या माझ्या गल्लीत, तो यायचं काही कारण नाही. खाली धान्याची दुकानं आहेत. पोत्यांचा, धुळीचा आणि रिक्षांच्या धुराचा वास बारमाही असतो. तरी हे दिवस आले की गूळ, तांदळाचा कोंडा आणि त्यात काहीतरी जिवंत फुगत असल्याचा तो वास खिडकीशी येऊन उभा राहतो. शेजारी म्हणतात, धड पाऊस नाही, धड ऊन नाही, कसलं हे हवामान! मी मान हलवतो आणि मनात मात्र भोकरदनच्या पुढच्या एका गावातलं शेततळं येतं. आज पहाटे मासे वर आले असतील का, असा विचार करत मी चहा घेतो.

तळं माझ्या धाकट्या बहिणीचं, मंगलचं. आणि माझ्याबद्दल सांगायचं तर माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझी सगळी नोकरी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासण्यात गेली. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, कागद गुंडाळायचा, काही दिवसांनी उघडायचा आणि कोण उगवलं, कोण नाही ते बघायचं. पिशवीवर एक शेतकरी हसत उभा असायचा, हातात टपोरं कणीस घेऊन. त्याच्या हसण्यात तथ्य आहे का हे तपासणं म्हणजे माझी नोकरी. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. बायको म्हणते, तुम्ही देवळातलं तीर्थसुद्धा वास घेऊन पिता. तिचं म्हणणं खोटं नाही.

तर एका साली आषाढात मंगलचा फोन आला. "दादा, कंपनीचा माणूस आल्ता. तळ्यात जंतू सोडा म्हणतो."

मला वाटलं फोनमध्ये काही बिघाड आहे. आमच्या पिढीनं जंतू मारण्यात जन्म घालवला. पाणी उकळा, तुरटी फिरवा, विहिरीत पांढरी पावडर टाका, हात धुवा, फडकी उकळत्या पाण्यात बुडवा. आईनं तर आम्हाला जंतूंच्या नावानं जितकं भेडसावलं तितकं भुताच्या नावानंही भेडसावलं नव्हतं. आणि आता एक माणूस मोटारसायकलवरून येतो आणि जंतू विकत देतो. मी दुसऱ्याच दिवशी भोकरदनची बस धरली.

मंगलचं तळं मोसंबीच्या बागेच्या वरच्या अंगाला आहे. काळी प्लास्टिकची पन्नी अंथरलेलं चौकोनी तळं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी त्यात चढवून ठेवायचं आणि उन्हाळ्यात झाडं जगवायची, हा त्याचा मूळ उद्देश. मासे नंतर आले. रोहू, कटला, मृगळ. वरून दोऱ्या ताणलेल्या, त्यांना चमकत्या पट्ट्या बांधलेल्या, बगळ्यांनी फसावं म्हणून. बगळे फसत नसत. ते बांधावर बसून त्या पट्ट्यांकडे माझ्यासारखंच बघत.

कंपनीचा माणूस म्हणजे प्रतीक नावाचा चुणचुणीत तरुण. बूट स्वच्छ, बोलणं त्याहून स्वच्छ. पुण्याकडची भाषा. त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. माशांना टाकलेलं सगळं खाद्य मासे खात नाहीत. उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा तळाशी बसते, तिथं हवा नसताना कुजते आणि बुडबुडे वर येतात. त्या बुडबुड्यांतला वायू पृथ्वी तापवतो. शिवाय पाणी घाण झालं की माशांना श्वास पुरत नाही, मग पाण्यात पंखा फिरवावा लागतो. पंख्याला वीज लागते आणि त्या विजेसाठी कुठंतरी कोळसा जळतो. चांगले जंतू सोडले तर ते घाण आधीच खाऊन टाकतात. घाण कमी, बुडबुडे कमी, पंखा कमी, कोळसा कमी. आणि जो धूर निघाला नाही त्याच्याबद्दल परदेशातली मंडळी शेतकऱ्याला मोबदला देतात.

"न निघालेल्या धुराबद्दल?" मी विचारलं.

"हो काका. तेच तर यातलं सौंदर्य आहे."

मला त्यात सौंदर्य दिसलं नाही. उगवलेलं बी दाखवता येतं, न उगवलेलंही दाखवता येतं. न निघालेला धूर कसा दाखवणार? प्रतीकनं लगेच पंख्याच्या वायरीवर बसवलेली एक लहान पेटी दाखवली. हे मीटर. पंखा फिरला की यातला लाल दिवा लुकलुकतो, आणि तो किती फिरला ते कंपनीला मोबाइलवर थेट कळतं. म्हणजे शेतकरी कंपनीवर संशय घेणार आणि कंपनी शेतकऱ्यावर. मीटर म्हणजे पेटीत घालून कुलूप लावलेला संशयच. एवढी एक गोष्ट मला ओळखीची वाटली.

त्याच्या जंतूंच्या पावडरीचा एक पुडा मी जालन्याला घेऊन आलो. कोमट गूळपाणी बाटलीत भरलं, चिमूटभर पावडर टाकली आणि बाटलीच्या तोंडाला नातीचा फुगा बांधला. दुसऱ्या दिवशी फुगा ताठ उभा होता. जंतू जिवंत होते. खरं सांगतो, मी थोडा हिरमुसलोच. पण मग मनाशी म्हटलं, जिवंत असणं वेगळं आणि कामाचं असणं वेगळं. हा फरक मी आमच्या ऑफिसातही पाहिलेला आहे.

मंगलला मी फोनवर हेच सांगितलं. ती म्हणाली, "दादा, मोसंबी आत्याबाईच्या नावानं, जनावरं ह्यांच्या नावानं. तळं तेवढं माझं. गावातल्या बाया हसून राह्यल्या, मंगल माशाला दही पाजती म्हणून. मला पैशाचं न्हाई रे. मला बघायचंय, माझ्या हातानं पाणी सुधरतं का. पंखा न लावता मासे जगले तर ते माझंच झालं ना?"

"झालं," मी म्हणालो. यावर संशय घ्यायला मला काही सापडलं नाही.

मंगलनं ते काम ज्या निगुतीनं केलं ते आठवलं की आजही बरं वाटतं. घराच्या पडवीत निळा ड्रम. त्यात गूळ, कोंडा, पावडर, कोमट पाणी. वरून धुतलेलं धोतराचं फडकं. ती रोज फडकं उचलून वास घ्यायची. आंबूस आला तर बराबर, सडका आला तर गेलं. दह्याचं विरजण लावणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणते, त्या ड्रमजवळून जाताना पदर नाकाला लावत. "घरात काय नासवून ठिवलंय!" त्यांचा संशय माझ्यापेक्षा सरळ होता. त्यांना पुरावाही लागत नव्हता.

आंबलं की मंगल बादल्या भरायची, दाजी त्या गाडीवर लादून तळ्यावर न्यायचे आणि ती काठानं फिरत फिरत पाण्यावर सांडायची. पाणी हळूहळू हिरवट तपकिरी, साजरं दिसायला लागलं. तळाशी काठी खुपसली की पूर्वी भसाभस बुडबुडे यायचे, ते कमी झाले असं तिला वाटे. मलाही वाटलं. पण वाटण्यावर मी कधी सही केलेली नाही.

आणि मग भादवा आला. आभाळ भरून आलेलं, पडत मात्र काही नाही. ऊन नसलं की पाण्यातलं हिरवं शेवाळ मलूल होतं, पहाटे पाण्यातली हवा संपते आणि मासे वर येतात. ज्यानं ते पाहिलं नाही त्याला कल्पना येणार नाही. सगळं तळं तोंडांनी भरून जातं. गोल गोल, उघडझाप करणारी तोंडं. आवाज फार नसतो, नुसता एक मऊ चपचपाट. माणसाला आपल्याच छातीवर हात ठेवावासा वाटतो.

नेमक्या त्याच दिवसांत महालक्ष्म्या आल्या. आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणजे घर डोक्यावर. मी दरवर्षी बहिणीकडे जेवायला जातो, त्याही वर्षी गेलो होतो. पुरण, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, फुलोरा. आणि त्या घरात एक रीत आहे. लक्ष्म्या उभ्या असेपर्यंत घरातलं काही उंबऱ्याबाहेर जात नाही. विरजण नाही, मीठ नाही, विस्तव नाही. शेजारणीला सुईसुद्धा देत नाहीत. लक्ष्मी त्या वस्तूच्या मागं निघून जाते म्हणतात.

ड्रम पडवीत भरून आंबलेला होता. लक्ष्म्या येण्याच्या आदल्या दिवशी तो तळ्यावर न्यायचा होता, पण फराळाच्या धांदलीत राहून गेला. आणि लक्ष्म्या उंबरा ओलांडून आत आल्या. आता काय करायचं? दाजी म्हणाले, "जंतूच हायेत ते. ते काय घरातले व्हय?"

सासूबाई म्हणाल्या, "गूळ घरचा, कोंडा घरचा, आंबलंय घरात. मंग कुणाचं म्हणायचं?"

मला वाटलं मंगल चिडेल. तिनं फडकं उचललं, वास घेतला आणि परत झाकलं. "ऱ्हाऊ द्या. आत्याबाई बराबर म्हणून राह्यल्या. आधी घातलेलं हाय पाण्यात, ते तग धरंल." रीत तिचीही होती. आणि तिचा तिच्या पाण्यावर विश्वास होता. सोवळ्यात असल्यामुळं ते तीन दिवस ती तळ्यावर फिरकलीही नाही. आंबील मात्र तिनं मला दोनदा वाढली. अगदी तसाच वास होता, देवाच्या ताटात असला की त्याला कुणी नावं ठेवत नाही.

लक्ष्म्यांना निरोप दिल्यावर ती आधी तळ्यावर पळाली. एकही मासा मेला नव्हता. प्रतीकचा फोन आला की अशा झाकोळातही तुमचा पंखा जवळजवळ फिरलाच नाही, सगळ्या तालुक्यात तुमचं तळं पहिलं. मी तोवर जालन्याला परतलो होतो; मंगल फोनवर माझ्याशी बोलताना हसत होती आणि रडतही होती. "दादा, जमलं रे. माझ्या हातानं जमलं."

मी आनंदी व्हायला हवं होतं. झालोही. पण उगवण वाजवीपेक्षा चांगली आली की आमच्याकडे तो नमुना बाजूला काढून ठेवत असत. वाईट नमुना फसवत नाही, तो वाईटच असतो. संशय येतो तो चांगल्याचा. पितृपंधरवड्यात परदेशी पाहुणे तळं बघायला येणार असं ठरलं, मंगलनं मला बोलावलं, आणि मी एक दिवस आधीच पोचलो.

संध्याकाळी काठानं फिरताना पायाखाली माती भुसभुशीत लागली. बाकी सगळा काठ तुडवून टणक झालेला आणि हा एवढाच पट्टा खुरप्यानं उकरल्यासारखा. बुटाच्या टोकानं माती सारली तर खाली पिवळी वायर. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून निघून मातीखालून थेट पंख्याला भिडलेली. मीटरच्या वाटेला न जाता.

दाजी मागं उभे होते. उंच, अबोल माणूस. त्यांच्या हातून मी आजवर खोटं काही पाहिलं नव्हतं.

"दाजी, हे काय?"

त्यांनी आधी घराच्या वाटेकडं पाहिलं. "महालक्ष्म्याच्या पहिल्या पहाटेला आल्तो मी," ते म्हणाले. "मासे सगळे वर. सगळे, दादा. तोंडं उघडून. मीटरमधून पंखा लावावा तर कंपनी म्हणंल हिचं औषध फेल गेलं. गाव आधीच हसतंय. अन् न लावावा तर मासे मरत्यात. मंग मी वायर ओढली. तिला कसं सांगू? ती लक्ष्म्यापुढं बसल्ती."

"आणि त्यानंतर?"

"झाकोळ असला की लावतो. ती यायच्या आत बंद करतो. धोका न्हाई पत्करला."

मी मागं वळलो तेव्हा मंगल मोसंबीच्या झाडांपाशी उभी होती. डोक्यावर शेणाचं घमेलं. तिनं सगळं ऐकलं होतं. तशीच वळली आणि घराकडं गेली. त्या दिवशी तिनं आम्हा दोघांना जेवायला वाढलं आणि ड्रमवरचं फडकं न उचलताच आत गेली.

मी आजही ठरवू शकलेलो नाही की दाजींचं काय चुकलं. मासे जगवायला नकोत का? बायकोची मान खाली जाऊ नये असं वाटायला नको का? त्यांचं प्रत्येक पाऊल मायेचं होतं. पण सगळी पावलं मिळून तिच्यापासून जे लपवलं गेलं ते मायेनं भरून येणारं नव्हतं. जंतूंनी काम केलं असेल. कदाचित पंखा लागलाच नसता. कदाचित सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगले असते. त्या पाण्यात काय झालं असतं हे कळायची एकच वाट होती, आणि तीच वायरीनं बंद केली.

आणि प्रतीक? त्याला माहीत होतं का? त्यानं कधी पहाटे येऊन पाहिलं नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो. मनासारखं रीडिंग मिळालं की त्याला खोदून विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

पाहुणे आले. एक उंच बाई आणि एक दाढीवाले गृहस्थ, दोघंही घामाघूम, दोघंही मनापासून नमस्कार करणारे. गावातली माणसं बांधावर जमली. हसणाऱ्या बायाही आल्या होत्या, नव्या साड्या नेसून. प्रतीकनं मंगलला पुढं केलं. "ताई, तुमचा अनुभव सांगा. मी इंग्रजीत सांगतो."

मंगलनं पदर खोचला. आवाज सुरुवातीला बारीक निघाला, मग नाही. "मी जंतू घातले. रोज वास घेऊन, बराबर आंबवून घातले. पाणी साजरं झालं हे खरं. पण मासे कशानं जगले ते मला ठाव न्हाई. कारण ह्या मीटरला चुकवून पंखा फिरल्ता. मीटर खोटं हाय. मला पहिला नंबर नको."

दाजींनी डोळे मिटून घेतले. प्रतीकचा चेहरा क्षणभर पडला, लगेच सावरला, आणि तो पाहुण्यांकडं वळून हसत इंग्रजीत म्हणाला की या ताई सांगताहेत, सुरुवातीला त्यांचाही विश्वास नव्हता, पण आता पाणी बघून त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटतं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. उंच बाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

मंगलनं टाळ्यांकडं पाहिलं. खोटं मीटर म्हटल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही, एवढं तिला कळत होतं. ती माझ्याकडं वळली. "दादा, तुला इंग्रजी येतं. ह्यानं माझं बराबर सांगितलं का?"

प्रतीक माझ्याकडं बघत होता. दाजीही. मी म्हणालो, "नाही. एक शब्दही नाही."

ती विहिरीवरच्या पेटीपाशी गेली आणि खटका वर केला. पंखा घरघरला, पाणी उसळलं, फेस काठाला लागला. मग तिनं पाहुण्या बाईंचा हात धरला, त्यांना मीटरपुढं नेऊन उभं केलं आणि बोट ठेवलं. पंखा गरागरा फिरत होता. लाल दिवा लुकलुकत नव्हता.

हे समजायला कुणाची भाषा लागली नाही. बाईंनी पंख्याकडं पाहिलं, मीटरकडं पाहिलं, पुन्हा पंख्याकडं. दाढीवाल्या गृहस्थांनी प्रतीककडं बघितलं आणि मग त्याला वगळून माझ्याकडं वळले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यांनी विचारलं की मग हे मासे जगले कशामुळं, या जंतूंमुळं की या पंख्यामुळं?

मी मंगलला विचारलं, जसंच्या तसं.

तिनं खटका खाली केला. पंखा थांबला, पाणी हेलकावत हेलकावत निवलं. तिनं पाहुण्यांकडं पाहिलं नाही. ती दाजींकडं बघत होती.

"सांग त्यान्ला," ती म्हणाली, "तेवढंच तर मला बघायचं व्हतं. कुणी बघू दिलं न्हाई."